रुमालाखालचा भाव : एका पुस्तकाची प्रस्तावना

डिसेंबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात मुरबाड तालुक्यातल्या धसई गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. नोटाबंदी होऊन तीन आठवडे उलटले होते, बँकांपुढच्या रांगा हटत नव्हत्या, आणि भाताच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या बाजारगावाने महाराष्ट्रातले पहिले रोकडविरहित गाव व्हायचे मनावर घेतले होते. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रे दिली, सावरकर स्मारकाच्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि १ डिसेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते या उपक्रमाचे उद्घाटन झाले. किराणावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत सगळीकडे यंत्रांची चर्चा होती. पुढे नोटा परत आल्या आणि व्यवहारही हळूहळू रोखीकडे परतले. यंत्रे बाजूला पडत गेली.

याचे खापर धसईवर फोडणे अन्यायाचे आहे. यंत्र बँकेचे होते. ते चालायला लागणारी रेंज डोंगराच्या मर्जीवर. समोरच्या गिऱ्हाइकाकडे बहुधा कार्ड नसे, असले तर ते घरी पेटीत असे, आणि खिशात असले तरी त्याचा पिन आठवत नसे. हा सगळा प्रयोग मनापासून केलेला होता, पण तो दुसऱ्याच्या यंत्रावर उभा होता. त्याच वर्षी ११ एप्रिलला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली होती आणि ५ सप्टेंबरला जिओची सेवा बाजारात आली होती. धसईत उद्घाटनाची फीत कापली जात होती तेव्हा या दोन्ही गोष्टी देशात हजर होत्या. त्या एकत्र येऊन काय करतील, याचा अंदाज मात्र फारच थोड्यांना होता. भीम अ‍ॅप यायला अजून महिना होता. जिओपूर्वी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, तिथे काही महिन्यांत रोज एक जीबी मिळू लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरून देशात एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. आज मुरबाडच्या बाजारात काकडीच्या पाटीला टेकवलेला क्यूआर कोड कोणी वळून पाहत नाही. बँकेने दिलेल्या यंत्राने जे साधले नाही ते माणसाच्या स्वतःच्या फोनने साधले, आणि त्यासाठी कोणाला उद्घाटनाला यावे लागले नाही.

प्रस्तुत पुस्तक या फरकाबद्दल आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत वेबसाइट बनवायला शिकणारी मुले-मुली, आणि आपल्या दुकानाचे, शेतमालाचे, बचतगटाचे पान इंटरनेटवर असावे असे वाटणारे व्यावसायिक, अशा दोघांसाठी ते लिहिले आहे. कल्याण-ठाण्याच्या क्लासात शिकवली जाणारी वेबसाइट मोठ्या पडद्यावर, तारेने जोडलेल्या वेगवान इंटरनेटवर आणि थंड खोलीत बसून पाहायची असते. इथले गिऱ्हाईक ती उन्हात, बांधावर उभे राहून, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर पाहते. बनवणारा आणि पाहणारा यांच्यातले हे अंतर कमी करणे हेच आजच्या वेब डेव्हलपरचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. ते कसे करायचे याचे धडे मला संगणकाच्या पुस्तकांइतकेच म्हशाच्या बाजारात मिळाले.

मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात म्हसोबा खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे कित्येक दिवस चालते. हा काळ कोणी सहज निवडलेला नाही. भाताची झोडणी उरकलेली असते, पोती घरात किंवा व्यापाऱ्याकडे पोचलेली असतात आणि वर्षातून एकदाच हातात खेळणारा पैसा त्या आठवड्यांत हातात असतो. ठाणे-रायगडबरोबर घाटावरूनही माणसे येतात. बैलबाजार ही या यात्रेची खरी ओळख. त्याच्या भोवतीने घोंगड्या, ब्लँकेटे, भांडी, कोयते, कासरे, घुंगुरमाळा, सुपे-टोपल्या आणि मिठाईची दुकाने. इथल्या कित्येक घरांत वर्षाची मोठी खरेदी म्हशाच्या यात्रेवर ठेवलेली असे. लग्नातली भांडी, थंडीचे पांघरूण, नांगराची जोडी, सारे ‘म्हशाला घेऊ’ म्हणून थांबलेले असे.

बैलाचा सौदा कसा होतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना थोडे सांगायला हवे. दलाल रुमाल किंवा उपरणे हातावर टाकतो, घेणाऱ्याचा हात त्याखाली येतो आणि भाव बोटांनी बोलला जातो. भोवती माणसांचा गराडा असतो, पण आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. शेजारच्या जोडीचा भाव यामुळे बिघडत नाही आणि पडत्या भावात विकणाऱ्याची चारचौघांत शोभा होत नाही. त्याआधी बैलाचे दात पाहिलेले असतात, दोनदाती, चारदाती की जुळलेला. भोवरे कुठे आहेत, खूर कसे आहेत, चाल सरळ आहे की पाय ओढतो, हे चालवून पाहिलेले असते. मग विसार. आणि एवढे होऊनही काही खोट निघालीच, तर विकणारा कोणत्या गावचा हे ठाऊक असते आणि पुढच्या पौषात तो याच झाडाखाली उभा असणार याची खात्री असते. ही शेवटची खात्री सगळ्यांत मोठी. तिच्यामुळेच अनोळखी माणसाकडून हजारोंचे जनावर घेण्याचे धाडस होते.

ऑनलाइन खरेदीला घाबरणाऱ्या गावकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा बाजार एकदा नीट पाहावा. हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या अत्यंत चोखंदळपणे खरेदी करत आला आहे. वस्तू हाताला लागावी, चालवून पाहता यावी, भावावर बोलता यावे आणि फसगत झाली तर विकणारा सापडावा, या त्याच्या अटी आहेत. फोनवरच्या दुकानाने या अटींना उत्तर दिले की तो तिथेही खरेदी करतो. फ्लिपकार्टने २०१० साली ‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ ही सोय आणली आणि देशात ऑनलाइन खरेदीला जो वेग आला, त्याचे कारण हेच होते. आधी वस्तू, मग पैसे ही बाजाराची जुनी रीत तिने मान्य केली होती.

खुद्द बैलाचा व्यवहारही फोनवर आला आहे. त्याला बाजारापेक्षा बैलगाडा शर्यतीने अधिक हातभार लावला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. तोवर प्रत्येक हातात कॅमेऱ्याचा फोन आलेला होता. शर्यती यूट्यूबवर थेट दिसू लागल्या, नामांकित बैलांचे व्हिडिओ गावोगाव फिरू लागले आणि बैल पाहायला जाण्याआधी त्याची धाव पाहणे ही रीत पडली. मध्ये करोनाच्या काळात यात्रा आणि बाजार बंद राहिले. २०२२च्या पावसाळ्यात लम्पी त्वचारोग पसरला, सप्टेंबरमध्ये राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले, आणि ज्यांना जनावर विकणे भागच होते त्यांना व्हॉट्सअ‍ॅपचा आधार उरला. जून २०२४ पासून तर कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीच होऊ नये असा राज्याचा नियम आहे. त्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक सरकारी नोंदीत शोधता येतो. म्हणजे बैलालाही आता इंटरनेटवर नोंद आहे.

अशा सौद्यात घेणारा काय मागतो हे पाहण्यासारखे आहे. तो सजवलेला फोटो मागत नाही. गाणे घातलेला व्हिडिओ तो पाहतो आणि बाजूला ठेवतो. त्याला न तोडलेला, एका दमात काढलेला व्हिडिओ हवा असतो: दावे सोडून चालव, वळव, दात दाखव, उठताना दाखव, पाणी पिताना दाखव. बाजारात डोळ्यांनी आणि हातांनी जे तपासले असते ते तो कॅमेऱ्याकडून तपासून घेतो. दुकानाची वेबसाइट बनवणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. आपण साडीचा चकचकीत फोटो टाकतो आणि पदर उलटा कसा दिसतो हे दाखवत नाही. कोयत्याचे चित्र टाकतो आणि मुठीची जाडी सांगत नाही. गिऱ्हाईक ‘चालवून पाहिल्याशिवाय’ घेत नाही, म्हणून वस्तू चालवून दाखवण्याची जागा पानावर सगळ्यांत वर असायला हवी. या पुस्तकात छायाचित्रांवरचे प्रकरण मांडणीवरच्या प्रकरणाच्या आधी आले आहे, ते याच कारणासाठी.

आता वेबसाइटच्या घडणीकडे वळतो. तिचा जुना इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाणे बरे. वेबसाइट जन्मली ती टेबलावरच्या संगणकासाठी. फोनवर ती पाहायची तर आपल्याकडे अनेकांनी ती ऑपेरा मिनी या छोट्या ब्राउझरमधून पाहिली. तो पान आधी आपल्या सर्व्हरवर मागवून नव्वद टक्क्यांपर्यंत दाबून लहान करायचा आणि मग कीपॅडच्या फोनवर पाठवायचा. २००७ साली आयफोन आला आणि बोटाने पान सरकवण्याची सवय जगाला लागली. कंपन्यांनी मग संगणकासाठी एक आणि मोबाइलसाठी एक, अशा दोन-दोन वेबसाइट सांभाळायला सुरुवात केली. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकी डिझायनरने ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात लेख लिहून मांडले की पान एकच असावे आणि त्याने पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी आपणच बदलावी. ल्यूक रोब्लेव्स्की याने त्याच सुमारास आणखी पुढचा आग्रह धरला: आधी लहान पडद्याचा विचार करा, मोठ्याचा नंतर. लहान पडद्यावर जागाच नसल्याने गिऱ्हाइकाला खरोखर काय लागते हे ठरवावेच लागते. भारतात २०१२च्या सुमारासच मोबाइलवरचा वेबचा वापर संगणकापेक्षा जास्त झाला होता. साऱ्या जगात तो टप्पा २०१६ साली आला. गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना फोनवरच्या शोधात झुकते माप दिले आणि पुढे पानाची पारखच त्याच्या मोबाइल रूपावरून करायला सुरुवात केली.

यातला आपल्या कामाचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशात घडला. २०१५ साली फ्लिपकार्टने आपली मोबाइलवरची वेबसाइट बंद केली आणि लोकांना अ‍ॅप घ्यायला लावले. मिंत्राने तर त्याच वर्षी १५ मे रोजी संपूर्ण वेबसाइटच बंद केली. सगळे अ‍ॅपवर येतील असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. ज्याच्या फोनची मेमरी कायम भरलेली, जो एक अ‍ॅप घ्यायला देवाचे आणि मुलांचे फोटो पुसायला तयार नाही, तो बाहेरच राहिला. वर्ष संपायच्या आत फ्लिपकार्ट ब्राउझरवर परत आले, आणि परत येताना त्याने नवे तंत्र आणले. ब्राउझरमध्येच चालणारे, थोडी पाने फोनमध्ये साठवून ठेवणारे, रेंज गेली तरी कोरे न होणारे आणि हवे तर पडद्यावर चिन्ह म्हणून ठेवता येणारे हे पान होते. जगातल्या अशा सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांत त्याची गणना होते. मिंत्रालाही २०१६ साली वेबसाइट पुन्हा उघडावी लागली. साध्या फोनच्या गिऱ्हाइकाने अब्जावधींच्या कंपन्यांना आपला निर्णय बदलायला लावला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुरबाडमधल्या दुकानदाराने अ‍ॅप बनवून घ्यावे का, असे कोणी विचारले की मी हाच इतिहास सांगतो आणि ‘नको’ म्हणतो. त्याला हलके, चटकन उघडणारे पान पुरते.

हलके म्हणजे किती? आज जगातले सरासरी मोबाइल पान दोन एमबीच्या पुढे गेले आहे. ते माळशेजच्या पायथ्याशी किंवा शहापूरच्या माहुलीकडच्या वाडीत, जिथे रेंजची एकच काडी दिसते, उघडायला लागले की गिऱ्हाईक फोन खिशात ठेवते. पान जड होते ते मुख्यतः दोन गोष्टींनी: न दाबलेले फोटो आणि गरजेपेक्षा जास्त जावास्क्रिप्ट. फोटोचे वजन फक्त डेटा खाते. जावास्क्रिप्ट डेटा खाऊन वर फोनचा जीवही घेते, कारण स्वस्त फोनचा प्रोसेसर तो कोड उलगडण्यातच गुंततो, फोन तापतो, हँग होतो. महागड्या फोनवर अर्ध्या सेकंदात होणारे काम त्याला कित्येक पटींनी जास्त वेळ घेते, आणि डेव्हलपरच्या टेबलावर हे कधीच दिसत नाही. म्हणून पहिले पान सर्व्हरवरूनच तयार होऊन यावे, त्यात दुकानाचे नाव, फोन नंबर, वेळ आणि आजचा माल एवढे असावे, बाकी सगळे मागाहून. बटणाच्या आकाराबद्दल अ‍ॅपलने ४४ आणि गूगलने ४८ एककांची शिफारस केली आहे. इथे त्याहून मोठे ठेवायला मी सांगतो. चिखलणी आणि झोडणी केलेला अंगठा भेगाळलेला असतो. तो रेशन दुकानातल्या यंत्रालाही कित्येकदा ओळखू येत नाही. त्या अंगठ्याखाली बटण सापडले पाहिजे. फिकट राखाडी अक्षरे शहरातल्या डिझायनरला सुंदर वाटतात, पण पौषातल्या दुपारच्या उन्हात ती दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक इतका फरक असावा असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तो पाळणे ही इथे शोभेची बाब राहत नाही.

मराठीचा मुद्दा यापेक्षा वेगळा ठेवता येणार नाही. अँड्रॉइड फोनवर देवनागरी अक्षरे चौकोनांऐवजी नीट दिसू लागली ती २०१२च्या आसपास. टंकायचे कसे, हा प्रश्न तरीही होताच. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा कळफलक आणला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती गोल उमटते. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला त्यात नवीन काही शिकावे लागत नाही. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे सुंदर देवनागरी टंक कोणालाही फुकट वापरता येतील असे खुले केले. अशा कामांमुळे मराठी वेबसाइट शक्य झाली. बाजारपेठेच्या कंपन्या मात्र सावकाश आल्या. मनसेने ऑक्टोबर २०२० मध्ये मराठीसाठी मोहीम उघडली, प्रकरण तापले, आणि २०२१ सालात फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन दोन्हींवर मराठी दिसू लागली. तिथली मराठी बरीचशी यंत्राने केलेली असते आणि तिला ‘सुपली’ आणि ‘सूप’ यांतला फरक कळत नाही. इथेच स्थानिक डेव्हलपरला संधी आहे. तो ज्या शब्दाने गिऱ्हाईक वस्तू मागते तोच शब्द पानावर लिहू शकतो. तांत्रिक काळजी मात्र घ्यावी लागते. देवनागरी टंकाची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, तेव्हा लागणाऱ्या अक्षरांपुरतीच ती कापून घ्यावी. ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरची वेलांटी आणि खालचा ऊकार कापले जातात. ‘भूक’ चे ‘भक’ झालेले फलक मी अनेक वेबसाइटवर पाहिले आहेत.

ज्यांना वाचता येत नाही, किंवा वाचायचा कंटाळा आहे, त्यांचे काय? दुकानातल्या गल्ल्यावर ठेवलेला साउंडबॉक्स याचे उत्तर देतो. पैसे जमा झाल्याचे तो मराठीत मोठ्याने सांगतो, आणि मालक तराजूवरून नजर न काढता ते ऐकतो. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर ज्याचा विश्वास बसत नव्हता त्याचा या आवाजावर बसला. वेबसाइटमध्ये बोलून शोधण्याची सोय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवण्याचे बटण, या दोन गोष्टी मी म्हणूनच आवश्यक मानतो. या तालुक्यांतल्या अनेक शेतकऱ्यांना फोनवर अर्ज भरायची वेळ पहिल्यांदा आली ती खरेदीसाठी नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवावा लागला आणि घरातल्या नववी-दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने ते काम केले. आज त्या घरातली ऑनलाइन खरेदीही बहुधा तेच मूल करते. गिऱ्हाईक आणि फोन चालवणारा ही दोन वेगळी माणसे असू शकतात, हे गृहीत धरूनच पान रचायला हवे: आजी ठरवते, नात दाबते.

पत्त्याचा रकाना हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यावर पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे. सगळी ऑनलाइन खरेदी ज्या सहा आकड्यांवर उभी आहे तो पिनकोड एका मराठी माणसाची देणगी आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. मुरबाडचा ४२१४०१, शहापूरचा ४२१६०१. टपालासाठी ते पुरेसे होते, कारण पुढे पोस्टमन प्रत्येक घर ओळखत होता. कुरियरचा मुलगा ओळखत नाही. एका पिनकोडात कित्येक गावे, वाड्या आणि पाडे येतात, आणि वेबसाइट मात्र ‘घर क्रमांक’ आणि ‘रस्त्याचे नाव’ भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ज्या पाड्यात रस्त्याला नाव नाही तिथला माणूस तिथे शून्य टाकतो. मग फोन येतो: ‘फाट्यावर या.’ पार्सल घ्यायला बाईमाणसाला दोन-तीन किलोमीटर चालत फाट्यापर्यंत यावे लागते. इथल्या वेबसाइटवर पत्त्याच्या रकान्यात गाव, पाडा, जवळचा फाटा आणि ओळखीची खूण एवढेच विचारा, रस्त्याचे नाव ऐच्छिक ठेवा. कोडच्या दोन-चार ओळींचे काम आहे, पण त्याने एका बाईची पायपीट वाचते.

खरेदीची ही लाट आपल्या दारातूनच जाते. अ‍ॅमेझॉनने २०१३ साली भारतात विक्री सुरू केली तेव्हा त्याचे पहिले मोठे गोदाम भिवंडीत होते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांनी गोदामे पसरत पडघा-वाशिंदच्या दिशेने सरकली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुका थेट नागपूरशी जोडला गेला. आमची तरुण मुले या गोदामांत खोकी भरतात आणि दुचाकीवरून पार्सले पोचवतात. हे काम प्रतिष्ठेचे आहेच. पण या सगळ्या व्यवस्थेत शहापूर-मुरबाड फक्त घेणारे आणि उचलणारे राहावे, विकणारे होऊ नये, हे मला मान्य नाही.

विकणारे होता येते, हे शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका गटाने दाखवले आहे. गुळवेल ही इथल्या रानात सहज मिळणारी वेल. हे तरुण ती गोळा करून स्थानिक बाजारात विकत होते. वनधन योजनेतून केंद्र सरकारच्या ट्रायफेड संस्थेची साथ मिळाली, भांडवल आणि प्रक्रिया यांची घडी बसली, त्यांनी विक्रीसाठी ऑनलाइन वाटही धरली, आणि करोनाच्या काळात गुळवेलीला मागणी वाढली तेव्हा डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या पुढची मागणी त्यांच्याकडे आली. वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर काढणाऱ्या समाजातून हे उभे राहिले. त्यात वेबसाइटचा वाटा किती आणि संघटनेचा किती, असे विचाराल तर मी संघटनेला झुकते माप देईन. माल एकसारखा वाळवणे, वजन चोख देणे, शब्द दिला त्या दिवशी गाडी भरणे, हे आधी जमले. त्यानंतरच पडद्यावरच्या पानाला किंमत आली.

आणि म्हशाच्या दुकानदाराचे काय? फोनवरून येणारे पॉलिस्टरचे ब्लँकेट घोंगडीपेक्षा स्वस्त पडते आणि घरपोच येते, हे नाकारून चालणार नाही. भावाच्या लढाईत गावातला दुकानदार हरेल. ती लढाई त्याने करूच नये असे मला वाटते. ‘कर्जत-३ चे बियाणे आले का’, ‘पंपाचा वॉशर आहे का’, ‘दुकान आज उघडे आहे का’, या प्रश्नांची उत्तरे कोणतीही मोठी कंपनी देऊ शकत नाही, आणि ती एका साध्या पानावर रोज सकाळी लिहिता येतात. उधारीची वही ज्याने विश्वासाने सांभाळली त्याच्याकडे गिऱ्हाइकाचा फोन नंबर आहे, घरची परिस्थिती ठाऊक आहे, वस्तू परत घेण्याची तयारी आहे. पुढच्या पौषात तो तिथेच असणार आहे. ही जमेची बाजू पडद्यावर मांडणे हे डेव्हलपरचे काम. म्हणून मालकाचा फोटो, दुकानाचा खरा फोटो आणि बदलून देण्याचा नियम मी पहिल्या पडद्यावर ठेवायला सांगतो.

फसवणुकीचे प्रकरण मी मुद्दाम लांबवले आहे. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पोचले तरी अनेकांची बचत वाचेल. ‘आमच्याकडून असा फोन कधीही येणार नाही’ हे प्रत्येक दुकानाच्या पानावर मराठीत, ठळक असावे. रुमालाखालचा भाव गुपित असे, पण माणसे उघड होती. फोनवर भाव उघड असतो आणि माणूस लपलेला असतो, म्हणून ही खबरदारी.

पुस्तकातली प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. दुकानदारांनी छायाचित्रे, पत्ता आणि फसवणूक ही तीन आधी वाचावीत. कोडची प्रकरणे त्यांनी आपल्या मुला-मुलींना द्यावीत. शिकणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. पहिली वेबसाइट कल्पनेतल्या कंपनीची करू नका, आपल्या गावातल्या चालत्या दुकानाची करा. ती पूर्ण झाली असे वाटले की लॅपटॉप घरी ठेवा, दुकानात जा, मालकाचा स्वतःचा फोन मागून घ्या, वायफाय बंद करा आणि भर दुपारी दुकानाच्या दारात उभे राहून ती उघडा. जिथे ती अडते तिथून पुढचे काम सुरू करा.